कोरडा दिवस पाळता का?

चहा घ्या आधी, गार होईल. आणि हसायचं तर खुशाल हसा, पण एक अट आहे. माझा मुद्दा चुकला असं कुणी म्हणायचं नाही! मुद्दा तेव्हाही बरोबर होता, आजही बरोबर आहे. घोळ झाला तो वेगळाच.

आमची चौलची वाडी तुम्ही पाहिलीय. नारळ, सुपारी, आणि मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. आमचे हे न्हावा शेवाला कंटेनर डेपोत, शनिवारी येणार नि सोमवारी जाणार. आठवडाभर वाडी माझी आणि मी वाडीची. तर मागे एकदा पुण्याहून एक बाई राहायला आली. एका मोठ्या हॉटेलात बिअर बनवायची नोकरी तिची. रीतसर, परवान्यातली! तिनं माझ्या मागच्या पडवीत बसून मला सगळं शिकवलं. थोडे जव, आपला लाल तांदूळ, आणि वरून कोकम.

पहिली खेप चाखून हे म्हणाले, "सोलकढीला राग आल्यासारखी लागतेय." दुसऱ्या खेपेला नुसता पेला पुढे केला.

आता मला सांगा, मुंबई-पुण्याच्या हॉटेलात काचेमागे चकचकीत टाक्या लावून बनवली की ती क्राफ्ट बिअर. लोक फोटो काढतात. आणि तीच मी चौलला माझ्या पडवीत बनवली की हातभट्टी? हा कुठला न्याय? कारखान्यानं टँकर भरून बनवावी, बाईनं पिंपभर बनवली की गुन्हा!

झालं, डोक्यात गेलं माझ्या. रेवदंड्याच्या, मुरुडच्या खोल्या भाड्यानं देणाऱ्या बायका गोळा केल्या नि गेलो अलिबागला, आमदारांकडे. म्हटलं, कायदा बदला. लहान जागेला लहान परवाना द्या. तपासणी करा, कर घ्या, आमचं काही म्हणणं नाही.

आमदार गोड हसले. "ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे हो. पण बायकांनी दारूचा परवाना मागितला आणि मी पाठिंबा दिला असं छापून आलं, तर पुढच्या निवडणुकीला मला उभं कोण करील?"

"मग नका उभे राहू!" मी म्हटलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी तिथेच गरजले, "मी बिअर बनवते! लपून नाही, उघड बनवते! घाला धाड! दार उघडून उभी राहीन!"

तिथे नाईक नावाचा एक वार्ताहर होता. त्यानं ते फोटोसकट छापलं.

खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून मी धाडीची वाटच बघत होते. सकाळी उठून नीट अंबाडा घालायचे. घरात घालायचे गाऊन कपाटात गेले, इस्त्रीच्या साड्या बाहेर आल्या. अटक होताना माणूस बरा दिसायला नको?

आणि एका सकाळी फाटकाशी मोटरसायकल थांबली. खाकी पँट, खांद्याला पिशवी, हातात बॅटरी. चांगला पन्नाशीचा माणूस. गळ्यात ओळखपत्र होतं, पण ते उलटं लटकत होतं. सरळ करून वाचायची बुद्धी मला व्हायला हवी होती की नाही? नाही झाली.

"ताई, मी म्हात्रे. घरातली पिंपं बघायची हायत."

बघा! नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट पिंपं! मी पदर खोचला.

"बघा की. लपवलंय कोणी?"

तो जरा चकित झाला. "बरं झालं. लोकं दारच उघडत न्हायत. किती दिवस साठवून ठेवता?"

"तयार होईपर्यंत! पंधरवडा तरी लागतो."

"पंधरवडा?" त्यानं डोळे मोठे केले. "आन मधी कोरडा दिवस पाळता का?"

कोरडा दिवस! ड्राय डे! माझ्याच दारात उभं राहून मला विचारतो, ड्राय डे पाळता का! माझी तार सटकली.

"नाही पाळत! का पाळू? कोणी काय केव्हा प्यायचं ते सरकार ठरवणार? माझ्या घरात कोरडा दिवस नाही, कधी नव्हता आणि कधी असणार नाही! लिहून घ्या!"

म्हात्रेनं खरंच लिहून घेतलं. मग अगदी समजुतीनं म्हणाला, "ताई, रागवू नका. आठवड्यातून एक दिवस पाळायचा. गावाच्याच भल्याचं हाय. शेजारचं मूल आजारी पडलं मंजे?"

"शेजारच्या मुलाला मी देईन का?"

"तुमी देणार न्हाय ओ, ते आपोआप जातं. उडत."

उडत जाते म्हणे बिअर! मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. मी फोन उचलला नि नाईकला लावला. "या लवकर! धाड पडलीय! आणि कॅमेरा आणा!" मग फाटकावर चढून शेजारच्या भारतीवहिनींना हाक मारली. त्यांचा आवाज माझ्याहून मोठा. चहा उकळायच्या आत निम्मी आळी माझ्या अंगणात!

"काय झालं गो?"

"सुलभाला धरायला आलेत!"

"कशापायी?"

"बिअर!"

"मंग आमाला कवा दिली न्हाय ती!"

मी पायरीवर उभी राहिले नि भाषण सुरू केलं. काय भाषण झालं म्हणून सांगू! तांदूळ आमचा, कोकम आमचं, हात आमचे, मग कायदा कोणाचा? नाईक आला, त्यानं चित्रीकरण सुरू केलं, त्यामुळे मी परत पहिल्यापासून सुरुवात केली. बायकांनी घोषणा दिल्या. आयुष्यात एवढी शोभून मी कधीच दिसले नसेन.

म्हात्रे मात्र तिथे नव्हता. माझ्या ते लक्षातच आलं नाही. मी पुढच्या पायरीवर, नि तो बॅटरी घेऊन मागच्या पडवीत.

तेवढ्यात जीप आली. एक्साइजची, म्हणजे दारूबंदीवाल्यांची, खरीखुरी! झालं असं की नाईक हुशार. त्यानं येता येता त्यांच्या कचेरीत फोन करून विचारलं, "चौलच्या धाडीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?" तिकडे कोणाला धाडीचा पत्ताच नव्हता. म्हणून साहेब स्वतः बघायला आले.

साहेब उतरले, गर्दी बघितली, मला बघितलं. "बाई, धाड कोणी घातली?"

"तुम्हीच की!"

"आमचा एकही माणूस इथे आलेला नाही."

"मग तो म्हात्रे?"

आणि मागच्या दारातून म्हात्रे आला. हातात माझं निळं पिंप. रिकामं. उलटं धरलेलं. शेवटचा थेंब जास्वंदीच्या मुळाशी झटकत होता.

"ओतून टाकलं ताई, माडांच्या आळ्यात. पार नासलं होतं. फेस काय, वास काय! असलं पानी साठवू नका. डेंग्यूची साथ हाय."

मग भारतीवहिनींनी माझ्या मनातला प्रश्न विचारला. "तुमी कोन ओ?"

त्यानं ओळखपत्र सरळ केलं. आरोग्य सेवक. हिवताप आणि डेंग्यू.

कोरडा दिवस म्हणजे आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी करायची! डासांसाठी! भिंतीभिंतीवर लिहिलंय ते. मी वाचलंयसुद्धा.

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. साहेबांना चहा पाजून वाटेला लावलं असतं. सुटले होते ना मी! पण नाही. माझी पंधरवड्याची मेहनत माडानं पिऊन टाकली, आणि वर तिला नासकं पाणी म्हणतात?

"पाणी नव्हतं ते!" मी ओरडले. "बिअर होती! साहेब, गुन्हा दाखल करा!"

साहेबांनी पिंपात डोकावलं. "पुरावा कुठाय?"

"मी सांगतेय ना!"

"साहेब, पानीच व्हतं," म्हात्रे म्हणाला. "मी स्वतः बघितलं ना. भाताची शितं तरंगत होती आत. खरकटं पानी."

"खरकटं? लाल तांदळाची आहे ती!"

"ताई, माझी सगळी नोकरी यातच गेली. मला पानी कळत न्हाय?"

घ्या! मी आरोपी, मीच ओरडतेय की मी गुन्हेगार आहे, आणि सरकारचा माणूस शपथेवर सांगतोय की बाई निर्दोष आहे. साहेबांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, की त्यापेक्षा बेड्या परवडल्या असत्या. "बाई, नासक्या पाण्यावर गुन्हा नाही दाखल होत," म्हणाले नि जीपमध्ये बसले.

म्हात्रे नाही गेला. त्याचं काम अर्धं राहिलं होतं. सगळ्या आळीदेखत त्यानं बॅटरी लावून माझा फ्रिज पुढे ओढला, मागचा ट्रे काढला, आणि हाक मारली, "ताई, इकडं या."

अळ्या. वळवळणाऱ्या. पुष्कळ!

नाईकचा कॅमेरा चालूच होता.

मला नोटीस मिळाली. डासांची. गावात तशी नोटीस मिळालेली मी पहिलीच. यांना फोन केला तर पलीकडे क्रेनचा आवाज, त्यावरून मी सगळं ओरडून सांगितलं. हे म्हणाले, "सुलभा, कोण आलंय हे आधी विचारायचं असतं गं."

पण म्हणून मी मागे हटले असं समजू नका! पुढच्याच महिन्यात परवान्याच्या प्रश्नावर अलिबागला सभा होती. गच्च भरलेली. बाजूचे, विरोधातले, सगळे. मी इस्त्रीची साडी नेसून गेले, थेट माइकपाशी. म्हटलं, "माझं नाव सुलभा. मी चौलहून आले. मी या कायद्याला घाबरत नाही!"

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. हात जोडले. मला वाटलं, घ्या, माणसाला पटलं!

"त्या अळ्यावाल्या बाई तुम्हीच ना? आमच्या फ्रिजच्या मागेपण झाल्यात. काय करायचं हो?"

"हो, मीच!" मी ठणकावून सांगितलं. "आणि मी इथे बिअरवर बोलायला आलेय!"

पण सभा संपेपर्यंत मी ट्रे कसा काढायचा, कसा घासायचा आणि कधी सुकवायचा, तेच सांगत होते. टाळ्या मात्र कडकडून पडल्या!