कपाळावरची राख
उपवासकाळाआधी चर्चच्या अंगणात राखेसाठी जुन्या झावळ्या जाळल्याचा वास आला, की मला अकरावीतली एक सकाळ आठवते. उपवासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला होता आणि मी तशीच द्वारका चौकात कॉलेजच्या बसमध्ये चढले. "अगं, चुलीत डोकं घातलं होतंस का?" वर्गातली एक मुलगी ओरडली आणि मागच्या सगळ्या हसल्या. "पूस ना, कसलं ध्यान दिसतंय!" म्हणत तिने रुमाल पुढे केला. राख आपल्या हाताने पुसायची नाही, असं घरी शिकवलेलं. दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून मी मनात 'प्रभू, दया कर' एवढंच म्हणत राहिले. हसणं कॉलेजपर्यंत थांबलं नाही. हात मात्र कपाळाकडे गेला नाही. आता दरवर्षी राखेच्या बुधवारी ऑफिसात कोणी कपाळाकडे बघून विचारलं, की सांगते, "आमचे उपवास आजपासून सुरू झाले."