हात छातीशी, डोळे उघडे: स्वराज द्वीपवरची माझी स्कूबाची शिकवणी

अंदमानला जायचं ते मुलीनं ठरवलं. ऋचा पुण्यात नोकरी करते. तिनं दिवाळीच्या सुट्टीतली आम्हा दोघांची तिकिटं आधी काढली आणि मग फोन केला. "बाबा, तिथे आपण तिघं स्कूबा डायव्हिंग करायचं. पोहता आलं नाही तरी चालतं, म्हणजे आईचा प्रश्न मिटला. तुमचा तर प्रश्नच नाही."

माझा प्रश्न नाही, कारण मी पिंपळगाव राजाचा. विहिरीत पोहायला शिकलो, आणि माझ्याइतका दम गावात कोणाचा नव्हता. आता खामगावच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. मी फोनवर "बरं" म्हणालो. गेली आठ वर्षं मी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलो नव्हतो, हे घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात यावं इतकं पाणी आमच्याकडे असतं तरी कुठे?

आमच्या भागातून जाणाऱ्यांसाठी मार्ग सांगतो. खामगावहून शेगाव, तिथून रेल्वेनं नागपूर, नागपूरहून विमानानं कोलकाता. ऋचा पुण्याहून थेट कोलकात्याला आली. पुढे दोन तासांत पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं स्वराज द्वीप. बोटीत पोटात ढवळतं, म्हणून नाश्ता हलका ठेवा. माझी पत्नी सुनंदा हिनं घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही बेटावर पोहोचल्यावरच सोडली.

बेटावर सूर्य पहाटे पाचलाच वर आलेला असतो आणि संध्याकाळी पाचला अंधारायला लागतं. त्यामुळे सगळे बेत सकाळचे करावेत. डायव्हिंगही सकाळीच. पहिल्यांदा करणाऱ्याला माणशी साडेचार-पाच हजार पडतात. त्यात शिकवणं, साहित्य आणि सोबतीला एक प्रशिक्षक. आधी एक फॉर्म भरून घेतात: दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कान फुटलाय का. मी सगळीकडे "नाही" लिहिलं. जे होतं त्याचा रकाना त्या फॉर्मवर नव्हता.

आमचा प्रशिक्षक बिपुल तिथलाच, तिशीतला, बंगाली वळणाचं हिंदी बोलणारा. कंबरभर पाण्यात उभं करून त्यानं धडे दिले. नाकावर-डोळ्यांवर काचेचा मास्क, म्हणजे श्वास तोंडानंच घ्यायचा. खाली जाताना कानांना दडे बसल्यासारखं होतं, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. अंगठा वर केला की "छान" नव्हे, "मला वर ने". आणि एक गोष्ट त्यानं तीनदा सांगितली. "साँस कभी मत रोकना।"

विहिरीत आम्ही आयुष्यभर तेच केलं होतं. छाती भरायची, डोळे मिटायचे आणि खाली जायचं.

मी डोकं पाण्याखाली घातलं आणि डोळे आपोआप मिटले. बिपुलनं मास्कच्या काचेवर टिचकी मारली. उघडेनात. हात सवयीनं पुढे गेले, चाचपडू लागले आणि तळाचं समुद्रगवत माझ्या बोटांत आलं. लांब, मऊ, हलणारं. पुढचं मला नीट आठवत नाही. मी खोकत उभा होतो, तोंडातली नळी सुटली होती आणि पाणी माझ्या छातीपर्यंतसुद्धा नव्हतं.

"कान दुखून राह्यला," मी सुनंदाला सांगितलं. "तुम्ही दोघी जा."

त्या गेल्या. पोहता न येणारी माझी बायको ऋचाच्या मागोमाग बुडबुडे सोडत दिसेनाशी झाली आणि मी किनाऱ्यावर ओल्या सूटमध्ये बसून राहिलो. पाऊण तासात मी शहाळं घेतलं, पण प्यायलो नाही. प्रत्येक बुडबुडा मोजत होतो. दोघींची डोकी वर आली तेव्हा कुठे मी मोजणं थांबवलं. सुनंदा पाण्यातून हसत बाहेर आली. इतकी हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर ऋचा फोटो बघत बसली होती. सुनंदा माझ्याजवळ सरकली.

"अवो, कान नाही दुखत तुमचा. काऊन खोटं बोलता?"

मग मी सांगितलं. गावात कोणी विहिरीत पडलं की मला बोलवायला येत. खामगावात राहायला गेलो तरी मोटारसायकलवर येत. दोन माणसं मी जिवंत काढली. तिसरा सुभाष, आमच्या मागच्या गल्लीतला, विहिरीतली पाण्याची मोटार काढायला उतरला आणि पाय घसरून पडला. मी पोहोचलो तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. खाली काळोख. डोळे उघडून उपयोग नव्हता, म्हणून हातानं शोधत गेलो, आणि सगळ्यात आधी माझ्या बोटांत त्याचे केस आले. बाहेर काढला, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं. त्याची आई वर काठावर होती. तिच्याकडे न बघता मी निघून आलो.

"हे तुमी मले कधीच नाही सांगितलं," सुनंदा म्हणाली.

"काय सांगणार होतो?"

तिनं माझ्या हातातला कप काढून बाकावर ठेवला. मग म्हणाली, "सकाळी त्या पोराले सांगा. जसं मले सांगितलं तसंच. त्याच्यानंतर नसंन जायचं, तर नका जाऊ. मी तुमच्यासंगं बसतो काठावर."

सकाळी बिपुलला सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत ते पाच वाक्यांत संपलं. त्यानं मध्ये एकदाही "समझ गया" म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर माझे दोन्ही हात धरून त्यानं माझ्याच छातीवर आडवे ठेवले.

"हाथ यहीं रखिए, सर. यहाँ कुछ ढूँढना नहीं है. कुछ छूना भी नहीं है. बस देखना है. जब तक आप आँख नहीं खोलेंगे, हम नीचे नहीं जाएँगे."

गवत नव्हतं अशा बाजूनं, वाळूवरून त्यानं मला नेलं. पाण्याखाली गुडघ्यांवर बसवलं आणि तो समोर बसला. मी डोळे मिटून श्वास घेत होतो. आत येताना घरघर, बाहेर सोडताना बुडबुड्यांचा आवाज. दहा झाले, वीस झाले. हात छातीवरच होते, त्यामुळे बोटांना काही लागण्याची शक्यता नव्हती. हे लक्षात आलं आणि मी डोळे उघडले.

उजेड होता. एवढंच पहिल्यांदा कळलं. पाण्याखाली एवढा उजेड असतो हे मला ठाऊक नव्हतं. बिपुलच्या भुवयांचे केससुद्धा दिसत होते. त्यानं बोटांचं वर्तुळ करून विचारलं, ठीक? मी वर्तुळ केलं.

मग आम्ही उतरत गेलो. कान तीनदा फुंकले. सात-आठ मीटरवर प्रवाळाचे खडक लागले. निळा-हिरवा, चोचीच्या तोंडाचा एक मासा खडक कुरतडत होता, आणि सुपारी फोडावी तसा तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. केशरी-पांढऱ्या माशांचं एक जोडपं आपल्या समुद्रफुलाच्या झुबक्यात आत-बाहेर करत होतं. तो झुबकाही लांब, मऊ, हलणारा होता. मी थांबून त्याच्याकडे बघत राहिलो. माझा श्वास तसाच चालू होता. माझ्या उजव्या अंगाला, दुसऱ्या प्रशिक्षकासोबत उतरलेली सुनंदा होती. तिनं माझं कोपर धरलं होतं आणि ते वर येईपर्यंत सोडलं नाही.

वर आल्यावर मास्क काढला तर आत थोडं पाणी होतं. ते समुद्राचं नव्हतं. ऋचानं विचारलं, "बाबा, कसं वाटलं?" मी म्हणालो, "भूक लागली." त्या दिवशी दुपारी मी सुरमईच्या दोन थाळ्या जेवलो आणि खोलीवर येऊन चार तास गाढ झोपलो.

जाणाऱ्यांना दोन सूचना. डायव्हिंगनंतर किमान एक दिवस विमानात बसता येत नाही, तेव्हा ते शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आणि फॉर्मवर नसलेली गोष्टही शिकवणाऱ्याला सांगा. चांगला असेल तर तो ऐकतो.

घरी परतल्यावरच्या रविवारी मी पिंपळगावला गेलो. आठ वर्षं मी मागच्या गल्लीतून जात नव्हतो. सुभाषची आई ओट्यावर तूर निवडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"ये बापू. लय दिवसानं. मले वाटलं, तुले माह्यावर राग हाय."

"राग कायचा, काकू? मले उशीर झाला होता त्या दिवशी."

"तुले काय उशीर झाला? सांगावाच उशिरा आला." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तू उतरला म्हनून मले त्याचं तोंड तरी पाह्याले भेटलं. दुसरं कोनी उतरत नव्हतं. हे मी कितीदा तुले सांगावं म्हनलं, पन तू थांबतच नव्हता."

मी ओट्यावर बसलो. ती चहा ठेवायला उठली. आतून तिनं विचारलं, इतक्या दिवसांत कुठे होतास, तोंड काऊन रापलं? मी समुद्राखाली गेलो होतो म्हणून सांगितलं.

"तिथं आत दिसते काय काही?"

"हाव काकू. सगळं दिसते."

"मंग सांग," ती म्हणाली, आणि कपबशी घेऊन माझ्यासमोर बसली.