दोघांनी पाहिला तरच पक्षी

आमच्या ग्रुपबरोबर एक रविवार या. पक्षी दिसेल न दिसेल त्याची गॅरंटी नाही, पण दुपारी घरी जाताना खिशात एक किस्सा नक्की असतो. माझ्याकडे आता इतके साठलेत की ऑफिसात लंच टाइमला मी डबा उघडला की लोक आधीच विचारतात, "काय, या वेळी चिखलात कोण पडलं?"

ग्रुप म्हणजे तरी कोण? चार टाळकी. लेले मास्तर आमचे पुढारी, शाळेतून रिटायर झालेले. हसमुखभाईंचं भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळ धान्याचं दुकान. सुलभा सावंत, मूळची रत्नागिरीची, आता आईबरोबर भाईंदरला, मुंबईला टेलिफोन ऑपरेटर. आणि मी, विजू, फोर्टला टायपिस्ट. रविवारी उजाडलं की आम्ही रूळ ओलांडून मोरवा गावाच्या बाजूला, मिठागरांवर. लोक आम्हाला वेडे म्हणतात. म्हणू देत.

आमचा एकच नियम आहे आणि तो हसमुखभाईंमुळे झाला.

एकदा ते लांब खाडीकडे बोट दाखवून ओरडले, "गरुड! गरुड छे!" खाडीतल्या एका खांबावर खरंच काहीतरी काळं, मोठं, पंख मिटून बसलेलं. आम्ही उन्हात तासभर दबा धरून. मास्तर हळू आवाजात गरुडाची माहिती सांगतायत, चोच कशी, नखं कशी, शिकार कशी करतो. सुलभाने तर पदर डोक्यावरून घेतला, केसांतला गजरा गरुडाला दिसायला नको म्हणून.

तेवढ्यात एक होडी आली. होडीवाल्याने गरुड खांबावरून काढला, झटकला, उघडला आणि डोक्यावर धरून निघून गेला.

छत्री होती.

"पण बसली होती कशी, बिल्कुल गरुड जैसी," हसमुखभाई परतताना म्हणत होते. पुढच्या रविवारी मास्तरांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "आजपासून दोघांनी पाहिला तरच पक्षी. एकट्याने पाहिलेला नामंजूर." तेव्हापासून काही दिसलं की मास्तर विचारतात, "दुसरं कोण?" दुसऱ्याने हात वर केला की "मंजूर".

नियम चांगला. पण दुर्बीण एकच ना! मास्तरांनी चोरबाजारातून आणलेली, जड, एका बाजूला पोचा आलेली. मी बघायचो, ओरडायचो, सुलभाच्या हातात द्यायचो, ती डोळ्याला लावेपर्यंत पक्षी वसईच्या हद्दीत. असे किती पक्षी नामंजूर झाले, विचारू नका.

मग सुलभानेच डोकं चालवलं. "दुर्बिणीला नळ्या किती? दोन. डोळे किती हवेत? माझा एक, तुझा एक. एकदम बघू."

बघितलं की. बांधावर उभे राहून, गालाला गाल लावून, आम्ही दोघांनी एक तुतवार बघितला. छोटासा, शेपटी वरखाली करणारा, एकदम क्लियर. मास्तर मागून म्हणाले, "मंजूर."

मोरव्याच्या दोन बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या, बघितलं, आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत बातमी सुलभाच्या आईच्या कानावर.

आई सरळ मास्तरांच्या घरी. मास्तरांनी बिचाऱ्यांनी प्रामाणिकपणे साक्ष दिली. "माझ्यासमोरच झालं ते. दोघांनीही तुतवार पाहिला."

"पाहू देत ना," आई म्हणाली. "पण तुतवार बघायला गाल कशाला लागतो?"

तेव्हापासून सुलभाची जोडी हसमुखभाईंबरोबर. माझी मास्तरांबरोबर. मास्तर आठवड्यातून एकदा दाढी करतात, एवढंच सांगतो.

आता खरी गोष्ट. शेकाट्या.

शेकाट्या बघितलाय का? काळा-पांढरा, अंगाने कबुतराएवढा, आणि पाय? गुलाबी, काडीसारखे, एवढे लांब की वाटतं देवाने दुसऱ्या कुणाचे लावले. मास्तरांचा जीव या पक्ष्यावर. दर उन्हाळ्यात मिठागराच्या बांधांवर हे पक्षी घरटं करतात, चिखलाच्या गोळ्यांवर नुसती अंडी ठेवलेली. आणि दरवर्षी काहीतरी होतं. कुत्रं येतं, नाहीतर बांध लिंपायला माणसं येतात. इतक्या वर्षांत मास्तरांनी शेकाट्याचं पिल्लू एकदाही बघितलेलं नव्हतं.

इकडे त्यांचा मुलगा श्रीकांत नागपूरला. आई गेल्यापासून तो मागे लागलाय, बाबा, एकटे राहू नका, कायमचे या. मास्तर नाही म्हणत नाहीत. म्हणतात, "येतो. एक पिल्लू बघितलं की लगेच येतो."

तीन उन्हाळे हेच उत्तर. यंदा मात्र श्रीकांतने सांगून टाकलं की मी मे महिन्यात न्यायलाच येतोय. आणि मास्तरांनी शब्द दिला, पिल्लू बघितलं की पुढच्या गाडीने.

यंदा घरटी झाली ती दामूशेठ पाटलांच्या मिठागरात, बरोब्बर मधल्या बांधावर. पाटील मोरव्याचे जुने आगरी. आवाज असा की खाडीपलीकडच्याने दचकावं. आम्ही बांधावर पाय ठेवला तोच ते लाकडी फावडं घेऊन धावून आले. त्यांना वाटलं आम्ही सरकारी मोजणीवाले.

"काय मापताव?"

"मोजत नाही हो, पक्षी बघतोय," मास्तर म्हणाले.

पाटलांनी आमच्याकडे बघितलं. माझ्या बेलबॉटमकडे जरा जास्त वेळ बघितलं, तिचा बॉटम चिखलात होता. "पक्षी? मंग घेऊन जावा की. मी कवा न्हाय बोललो?"

मास्तरांनी हात जोडले. म्हणाले, पिल्लं निघेपर्यंत हा मधला बांध लिंपू नका. पाटील म्हणाले, बांध लिंपला न्हाय तर पाणी झिरपतं, मीठ काय तुमचे पक्षी पिकवणार? असं बरंच चाललं. शेवटी पाटलांनी विचारलं, "अंडी हायत तरी कुठं? दाखवा."

आम्ही शोधायला लागलो. मातकट अंडी, काळे ठिपके, त्याच रंगाच्या चिखलावर. सापडेनात! गेल्या रविवारी चौघांनी बघितलेली, मंजूर झालेली अंडी! पाटील कंटाळून बांधावर बसले, बिडी पेटवली. दोन शेकाटे त्यांच्या डोक्यावर येऊन असे किंचाळायला लागले की बोलता येईना.

"यांना काय झालं?" पाटील.

"पाटील," सुलभा एकदम शांतपणे म्हणाली, "हलू नका. तुमच्या धोतराच्या सोग्याखाली घरटं आहे."

पाटलांनी हळूच सोगा उचलला. चार अंडी. बराच वेळ त्यांनी बिडी ओढलीच नाही. मग उठले, लांबून वळसा घालून निघाले, आणि जाता जाता म्हणाले, "येवढाच बांध सोडला. बाकीच्याला हात लावायला न्हाय बोलायचं."

इथे आम्ही शहाणपणा केला. मिठाची टोपली घेऊन जाणाऱ्या माणसाचा चुकून पाय पडू नये म्हणून प्रत्येक घरट्याशेजारी एक काडी रोवली आणि काडीला लाल चिंधी. चिंध्या सुलभाने घरून आणल्या, काड्या हसमुखभाईंनी. काय सुंदर दिसत होतं! आम्ही लांबून बघून स्वतःवरच खूष.

पुढच्या रविवारी गेलो. अंडी नाहीत. एकाही घरट्यात नाहीत. आणि प्रत्येक काडीवर एक एक कावळा, पोट भरल्यासारखा.

मास्तर खालीच बसले. शेवटी हसमुखभाई म्हणाले, "आपण तर बोर्ड लावला, मास्तर. 'येथे ताजी अंडी मिलेंगी.'"

मास्तर हसले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा ते म्हणाले, "जातो मी नागपूरला. नशिबात नाही ते."

आणि तुम्हाला सांगतो, त्या पक्ष्यांनी पुन्हा अंडी घातली! तोच बांध, तीच जागा. आम्हाला कोणी सांगितलं माहितीये? पाटलांनी. स्वतः भाईंदर पूर्वेला आले, हसमुखभाईंच्या दुकानापुढे उभे राहून गरजले, "ओ शेठ! तुमच्या मास्तरला बोला, पुना बसलीत."

हसमुखभाईंनी ज्वारी मापता मापता विचारलं, "कौन बैठा?"

"तुमी याल बसायला अंड्यावर? मंग कोण बसणार?"

आता काड्याबिड्या काही नाही. पाळ्या लावल्या. कामाला निघायच्या आधी सकाळी एकाने जायचं आणि कावळे-कुत्री हाकलायची. सुलभा छत्री घेऊन उभी राहायची, लांबून बघितलं तर आता तीच गरुड. मास्तर मात्र रोज, दिवसभर. पाटलांची माणसं टोपल्या घेऊन लांबच्या बांधाने फिरायची आणि मास्तरांना ऐकू जाईल अशा बेताने शिव्या द्यायची. एक जण पाटलांना म्हणाला, "शेठ, पाऊस जवळ आला, मीठ उचलायचं का कोंबड्या राखायच्या?"

"वळसा घाल," पाटील म्हणाले. "पोट कमी होईल."

रोज दुपारी पाटील कोरा चहा घेऊन यायचे आणि दोघं भांडायचे. पाटील म्हणायचे, पक्षी मिठात घाण करतात. मास्तर म्हणायचे, ते किडे खातात, उलट उपकार करतात. पाटील म्हणायचे, उपकार तुमच्या घरी करायला सांगा. चहा संपला की भांडण संपायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा.

एक दिवस मास्तरांना ताप भरला. मी त्यांच्या खोलीवर बसलो होतो. खाली रस्त्यावरून आवाज आला, सगळ्या खिडक्या उघडल्या. पाटील.

"मास्तर! हायत अजून! चारी हायत!"

मास्तर तापात उठून खिडकीत. "दुसरं कोणी पाहिली का?"

खाली पाटलांनी इकडेतिकडे बघितलं. "माज्या बायकोनी!"

"मंजूर," म्हणून मास्तर परत झोपले.

मी पाटलांना पोचवायला खाली गेलो. म्हटलं, वहिनी पण येतात का बांधावर?

"ती? तिला चिखलाचा पाय आवडत न्हाय," पाटील म्हणाले. "लग्न झाल्यापासून आली न्हाय कवा." आणि चालायला लागले.

मग श्रीकांत आला. चांगला माणूस. बापाची भांडी, पुस्तकं, सगळं ट्रंकांत भरलं, दोऱ्या बांधल्या. आम्हाला म्हणाला, "तुम्ही यांना सांभाळलंत, फार उपकार झाले." इकडे मास्तरांना पिल्लू दिसावं म्हणून पहाटे उठून आम्ही कावळे हाकलत होतो. आणि कावळे हाकलता हाकलता सुलभा एकदा म्हणाली, "आपण काय करतोय माहितीये का? त्यांचं तिकीट काढतोय."

रविवार होता. आम्ही सगळे बांधावर, पाटीलही; श्रीकांत तेवढा घरी, ट्रंकांपाशी. शेकाटे आज वेगळेच ओरडत होते. एक पंख मोडल्याचं सोंग करून चिखलात लोळत होता, दुसरा आमच्या डोक्यावरून सूर मारत होता. मास्तर दुर्बीण लावून घरट्याकडे बघतायत. घरट्यात नुसती टरफलं.

"गेली," मास्तर म्हणाले. "या वेळीही गेली."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. आणि पाटलांच्या पायाजवळ काहीतरी हललं.

कापसाच्या बोंडाला दोन काड्या टोचाव्यात, तसं. मातकट. पळत आलं, अडखळलं, तोंडावर पडलं, उठलं, आणि पाटील पाऊल टाकणार तिथेच चिखलाला चिकटून गप्प बसलं. पाटलांचा पाय उचललेला तो तसाच राहिला, हवेत.

मास्तरांना दिसलं. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो म्हणून सांगतो, दिसलं. किती तरी वेळ ते नुसते बघत राहिले. मग घसा साफ केला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं,

"दुसरं कोण?"

सुलभा खाडीकडे बघायला लागली. हसमुखभाईंनी चष्मा काढला आणि धोतराला पुसायला घेतला, "कुछ दिखताच नाही आज." मी वाकून बुटाची लेस बांधायला लागलो. सुटलेली नव्हती.

"विजू?"

"मी लेस बांधत होतो, मास्तर."

मास्तर पाटलांकडे वळले. पाटील एका पायावर उभे, दुसरा पाय गुडघ्यात मुडपून वर धरलेला, तोल सांभाळायला दोन्ही हात पसरलेले, मान वर आभाळाकडे.

"पाटील," मास्तर म्हणाले, "तुमच्या पायाखाली आहे ते."

"कुठं?" पाटील आभाळातच बघत म्हणाले. "मला तर काय दिसत न्हाय. उद्या या परत."