डब्याने लावलेला फोन

लेकीने आणलेला, नुसत्या हाकेवर फोन लावणारा बोलका डबा माझ्या स्वयंपाकघरात बसून मुंगीची शिंकसुद्धा ऐकतो. लेकीला मात्र मी रोज फोनवर थाप मारतो, की घरात पाहुण्यांची एवढी गर्दी, मलाच उभं राहावं लागतं! काल दुपारी मी दिवंगत बायकोच्या फोटोपुढे ताट वाढून तिच्याशी आमटीवरून भांडत होतो, तर डब्याचा निळा दिवा पेटलेला. पठ्ठ्याने परस्पर लेकीला फोन लावला होता.

"बाबा, कोण आलंय?"

"अगं, अर्धी कॉलनी जेवायला बसलीय!"

"मी मघापासून ऐकतेय, बाबा."

लोक दागिने लपवतात. माझ्याकडे लपवायला रिकामं घर तेवढं होतं, तेही डब्याने चव्हाट्यावर मांडलं. मी वायर उपटायला हात घातला.

"राहू द्या," ती म्हणाली, "आईचं जेवण होऊ दे. मी थांबते."