कळसचा रंगीत टीव्ही

वेड लागलेला माणूस दिलेल्या शब्दाला जागत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. माझं वेड जुने रंगीत टीव्ही जमवण्याचं. बारामतीच्या घरात नऊ आहेत. बायको त्यांना सवती म्हणते. दहावा कळसला एका कांदाचाळीत सापडला. लाकडी पेटी, सरकती दारं. रंगीत प्रसारण नुकतं सुरू झालं तेव्हा कुणीतरी आखातातून आणलेला. असा टीव्ही मी फक्त फोटोत पाहिला होता.

तो दुरुस्त करू शकेल असा एकच माणूस, इंदापूरचे तात्या. पण त्यांनी दुकान बंद केलं होतं. छातीत पेसमेकर बसवलेला. विजेचा झटका बसला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मलाच राखणीला बसवलं होतं. "कुणाला टीव्ही घिऊन येऊ दिऊ नगा." मी मोठ्या तोंडानं हो म्हणालो होतो.

काकू लेकीकडं लोणी देवकरला गेल्या त्या दुपारी मी टीव्ही घेऊन तात्यांच्या दारात उभा राहिलो. लाज वाटत होती, तरी गेलो.

तात्यांचा चेहरा उजळला. त्यांनी टीव्ही एकदा लावून पाहिला, नुसती खरखर आली तशी बंद करून पिन काढली. "बंद हाय म्हणून मेलाय असं समजायचं न्हाय," असं म्हणत त्यांनी तार बांधलेला स्क्रूड्रायव्हर पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली सारला. चट् आवाज झाला. ट्यूबमध्ये साठलेला करंट उतरला. मग आम्ही चहा घेतला.

उतरवलेली ट्यूब थोड्या वेळानं आपोआप पुन्हा करंट धरते, हे मला ठाऊक होतं. तात्यांनाही होतं, पण आनंदाच्या भरात ते विसरले. त्यांनी टोपीला हात घातला तेव्हा "पुन्हा उतरवा" एवढंच मला म्हणायचं होतं. तात्यांना मी काय शिकवणार, असं वाटलं. खरं सांगायचं तर मला रंग बघायची घाई झाली होती.

त्यांचा हात झटक्यानं मागं आला. "काय न्हाय, मुंगी चावली," ते हसले. मग त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते भिंतीला टेकून खाली बसले.

त्यांना गाडीत घालून मी बारामतीच्या दवाखान्याकडं निघालो. वाटेत त्यांचा फोन वाजला. काकूंचा. छाती दाबून धरलेल्या तात्यांनी तिला सांगायचं नाही असं मानेनंच खुणावलं. मी गाडी कडेला घेऊन फोन उचलला.

"तात्या झोपल्यात," मी म्हणालो.

"तुमी हाय व्हय जवळ?" काकू म्हणाल्या. "मग मला घोर न्हाय."