पायाळूची लाथ

मी पालथी पडले होते. गिरगावात एका वकिलाच्या घरामागे, परसात, धुण्याच्या दगडाशेजारी. नाकात माती. वकिलाची मुलगी माझ्या मागे उभी होती. तिला सगळे ताई म्हणायचे. माझ्याच वयाची, बारा-तेरा वर्षांची. तिच्या दोन शाळासोबती व्हरांड्याच्या पायरीवर बसून बघत होत्या.

मी मान वळवून म्हटलं, "ताई, पाय उघडा लागतो ना?"

ती म्हणाली, "मग नंतर मला पाय धुवावे लागतील."

आणि तिने सपातेसकट माझ्या कंबरेत लाथ मारली.

"लागली का गं?"

"लागली, ताई."

"मग उसण गेली?"

"थोडी गेली. अजून एक मारा."

तिने अजून एक मारली. पायरीवरच्या दोघी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मला वाटलं, मला बरं वाटतंय म्हणून त्यांना आनंद झाला. मी उठले, चोळीवरची माती झटकली आणि ताईच्या पाया पडले.

हो, पाया पडले. ज्या पायाने लाथ मारली त्याच्याच. आज ती पाया पडणारी पोरगी मला रस्त्यात भेटली तर मीच तिला एक ठेवून देईन.

पायाळू म्हणजे काय ते हल्लीच्या मुलींना सांगावं लागतं. मूल जन्मताना डोकं आधी यायच्या ऐवजी पाय आधी आले, तर ते पायाळू. कुणाच्या पाठीत, कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाने तिथे पाय लावायचा, म्हणजे उसण निघते, असं आमच्या कोळीवाड्यात मानायचे. शिकलेल्या घरांतही मानायचे. ते फक्त मोठ्याने बोलायचे नाहीत.

गोष्ट प्लेग यायच्या थोडी आधीची. आम्ही माझगावच्या कोळीवाड्यातले. आय पहाटे बंदरावर मासे घ्यायची आणि आम्ही दोघी पाट्या डोक्यावर घेऊन गिरगावपर्यंत घरं करायचो. वकिलांचं घर आयचं बांधलेलं गिऱ्हाईक. तिथे मला एक गोष्ट फार आवडायची. ताई दुपारी व्हरांड्यात मोठ्याने धडे वाचायची आणि मी खाली उभी राहून ऐकायची. ऐकून ऐकून मला तिच्या कविता पाठ झाल्या. अक्षर एक येत नव्हतं. पोपट बरा, त्याला निदान पेरू तरी मिळतो.

थंडीत साहेब लोकांचे मैदानावर खेळ व्हायचे. घोडे, बंदुका, बॅण्ड. सगळं झालं की शेवटी गंमत म्हणून कोळणींची शर्यत. भरलेली पाटी डोक्यावर, हात सोडलेले, आणि पळायचं. कुणाची पाटी पडली की तंबूतल्या मडमा टाळ्या वाजवायच्या. गावातली बडी मंडळी आपापली कोळीण आणायची. वकीलसाहेबांनी मला बघितलं होतं, दारातून भरली पाटी घेऊन उड्या मारत जाताना. एकदा त्यांनी आयला थांबवलं.

"ही पोर आमच्या नावाने पळेल का?"

आय हसली. मी मधेच म्हटलं, "पळेन. पण मला ताईंबरोबर शाळेत घाला."

आयने माझ्या दंडाला चिमटा काढला. वकीलसाहेबांना मात्र मजा वाटली. ते म्हणाले, "डोक्यावरची पाटी पहिली आण. मग हातात पाटी देतो. शब्द माझा."

डोक्यावरची पाटी आणि हातातली पाटी. केवढी कोटी. मी ती वाड्यात सगळ्यांना ऐकवली. बाजारात ऐकवली. कुत्र्यालाही ऐकवली असेल. कोटी चांगली साधली म्हणजे शब्द पाळला जातो असं मला वाटत होतं.

मग मी सराव सुरू केला. बंदरामागच्या मोकळ्या जागेत, चुंबळीवर पाटी, पाटीत ओली रेती. बाकीच्या पोरी अर्धी पाटी भरायच्या. मी शिगोशीग. जड पाटी घेऊन पळायची सवय झाली की शर्यतीची पाटी फुलासारखी वाटेल, हे शास्त्र मीच काढलं होतं. मान ताठ, डोळे समोर, कंबर सैल. तीन-चार दिवस शास्त्र बरोबर चाललं. मग एकदा वळताना पाय एकीकडे गेला, पाटी दुसरीकडे, आणि मधल्या मध्ये कंबरेच्या डाव्या अंगाला दोरखंडाचा पीळ सुटावा तसं काहीतरी झालं. मी रेतीत बसले. उठता येईना.

आयने मला कसंबसं घरी आणलं. मुशीचं तेल चोळलं, गरम मिठाची पुरचुंडी ठेवली. म्हणाली, "आता निजून ऱ्हा. पाटीला हात लावायचा नाय."

"शर्यत आहे गो, आय."

"शर्यत पुढच्या साली बी हाय."

पुढच्या साली. पुढच्या साली मला नवऱ्याच्या घरी पाठवलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. वाड्यात एक म्हातारी पायाळू होती, पण ती लेकीकडे अलिबागला गेलेली. म्हणून मी कंबर धरून, वाकडी वाकडी, आयच्या मागे गिरगावात गेले आणि ताईला विचारलं, "तुमच्या ओळखीत कुणी पायाळू आहे का?"

ताईने मैत्रिणींकडे बघितलं. मैत्रिणींनी ताईकडे.

"अगं, मीच आहे की पायाळू," ती म्हणाली. "पण कुणाला सांगायचं नाही हं."

पहिल्या दिवशी मला खरंच बरं वाटलं. हेच वाईट झालं. मी घरी जाऊन पुन्हा पाटी उचलली. दुसऱ्या दिवशी उसण दुप्पट. पुन्हा गिरगाव, पुन्हा परस, पुन्हा सपाता. असं रोज चाललं. माझगावहून गिरगावपर्यंत लाथ खायला चालत जायचं आणि लाथ खाऊन चालत परत यायचं. वाटेत घोड्यांच्या ट्रामी जायच्या. घोड्यांना निदान बळजबरीने जुंपलेलं असायचं. मी आपली आपण जात होते. डावा पाय आता ओढला जायला लागला होता, आणि तरी मी म्हणायची, ताईचा गुण येतोय, हळूहळू येतोय.

कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं. मी आयला सांगितलं. एवढी मोठ्या घरची मुलगी आपल्या लेकीच्या कंबरेला पाय लावते, हे आयला कळायला नको? सपातेचं मात्र सांगितलं नाही. ते का लपवलं, तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणजे पोटात कुठेतरी माहीत होतंच.

शर्यत दुसऱ्या दिवसावर आली. आम्ही वकिलांकडे पापलेटं घेऊन गेलो. मागच्या व्हरांड्यात वकिलीणबाई बसल्या होत्या, आणि शेजारी एक पाहुण्या. ताईचं लग्न जमत होतं तिथल्या, मुलाची आई. ताई आणि तिच्या त्या दोघी सोबतिणी दाराशी उभ्या. आयने पाटी उतरवली आणि मोठ्या मनाने, तोंडभर हसून म्हणाली, "बाईसाहेब, तुमच्या ताईचे उपकार. पायाळू लेकरू, म्हणून माझी पोर उभी ऱ्हायली."

पाहुण्यांचं पान चघळणं थांबलं.

आता हेही सांगते. पायाळूवर वीज पडते म्हणायचे. पायाळू सून घरात घेताना लोक दहादा विचार करायचे. उसणीला पाय हवा, पण तो शेजाऱ्याच्या घरातला. आयला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिला फक्त आभार मानायचे होते.

वकिलीणबाई म्हणाल्या, "कोण पायाळू? काय बोलतेस तू, कोळणी?"

"ताई गो. तिनंच सांगितलं पोरीला."

"ताई, तू असं बोललीस?"

ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मी? मी हिच्या जवळ तरी जाईन का? हिच्या अंगाला वास येतो. खोटं बोलतेय ही."

मी त्या दोघी सोबतिणींकडे बघितलं. एक वेणीचं टोक बघत होती. दुसरी माझ्याकडे असं बघत होती, जसं काही तिने मला कधी पाहिलंच नव्हतं.

तेव्हा मला कळलं. एकदम, सगळं. ती पायाळू नव्हती. तिला गंमत हवी होती आणि मी ती रोज चालत नेऊन देत होते. त्या मला हसत होत्या. पहिल्या दिवसापासून.

वकिलीणबाई उठल्या. "आमच्या मुलीवर नाही ते किटाळ घेतेस? नाक घास. इथे, पाहुण्यांच्या समोर."

आय माझ्या कानाशी आली. "घास बाय. घास आणि चल."

मी वाकायला गेले. खरंच गेले, हेही लिहिते. कुणी समजू नये की मी तेव्हाच मोठी शूर होते. पण डाव्या अंगात अशी कळ आली की मी अर्ध्यावरच थांबले. म्हटलं, "कंबर वाकत नाही."

मी उर्मटपणा केला नव्हता. खरंच वाकत नव्हती. पण पाहुण्यांना वाटलं मी उलट बोलले, आणि त्यांच्या तोंडावर ते उमटलेलं बघून मला पहिल्यांदा वाटलं, असंही बोलता येतं.

आवाज ऐकून वकीलसाहेब बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं. माणूस हुशार. त्यांना उद्याचं मैदानही हवं होतं आणि मुलीचं लग्नही. ते शांतपणे मला म्हणाले, "नाक राहू दे. उभ्यानेच सांग. मी खोटं बोलले, एवढं म्हण. उद्या पळ. तुझी पाटी मी देतोच."

सगळे माझ्याकडे बघत होते. एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. तीन शब्द, आणि शाळा.

पाटी घेऊन मी काय लिहिणार होते? मी खोटं बोलले, हेच ना? ज्या घराच्या मेहेरबानीने शाळेत जायचं, त्या घरात मी जन्मभर खोटारडी राहणार होते, आणि ती खरी.

मी म्हटलं, "मी खोटं बोलले नाही. तिने लाथा मारल्या. सपाता घालून मारल्या. या दोघींनी बघितलं. आणि उद्या मी पळणार नाही. ताईला पळवा."

मग आम्हाला हाकललं. पापलेटं परत पाटीत फेकली. आयने वाटभर मला शिव्या दिल्या. बांधलेलं गिऱ्हाईक गेलं, तुझी शाळा गेली, काय झालं असतं म्हटलं असतंस तर, जीभ झडली असती? मी डावा पाय ओढत मागून चालत होते. भायखळ्याच्या बाजारापाशी ती थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सपाता घालून?"

"हो."

 माझी पाटीही तिनेच घेतली.

दुसऱ्या दिवशी माझी मावसबहीण वकीलसाहेबांच्या नावाने पळाली. एका रात्रीत त्यांना दुसरी मिळाली. ती पहिली आली. तिलाही पाटीची कोटी ऐकवली होती. तिला एक जुनं लुगडं मिळालं. पुढच्या थंडीपर्यंत ती विचारत राहिली, मग विचारायची थांबली.

अक्षरं मला फार उशिरा आली. घोडपदेवच्या चाळीत, धाकट्या लेकाशेजारी बसून गिरवली, तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. कुणाला मागितली नाहीत. त्याच परसातून निघताना ठरवलं होतं, मागायची नाहीत.

आता हे का लिहिलं ते सांगते. ताई मोठी बाई झाली होती. मुलींच्या शिक्षणावर सभांमधून बोलायची. गेल्या वर्षी ती वारली. परवा तिची नातसून माझा पत्ता शोधत चाळीत आली. पोरगी गोड आहे, तिच्यावर माझा राग नाही. म्हणाली, "आजी, त्यांच्या आठवणींचं पुस्तक काढतोय. त्या प्रत्येक सभेत सांगायच्या, लहानपणी घरामागच्या परसात मी एका कोळणीच्या मुलीला अक्षरं शिकवली. त्या तुम्हीच ना? दोन ओळी लिहून द्याल?"

मी तिला चहा दिला. हो म्हटलं.

माझ्या नाती म्हणाल्या, आजी, गेलेल्या माणसाबद्दल काय वाईट लिहायचं, सोडून दे. मी म्हटलं, गेलेलं माणूस माझ्या नावावर जगून गेलं.

तर ह्या त्या दोन ओळी, जरा लांबल्या. तिने मला एकही अक्षर शिकवलं नाही. छापायचं तर हे सगळं छापा, एकही शब्द गाळायचा नाही. जमणार नसेल तर कागद परत आणून द्या. मी दुसरीकडे छापून घेईन. आणि मी असेपर्यंत कुणी सभेत पुन्हा ते सांगितलं, तर मी तिथे येईन आणि उभी राहीन.