बारा वर्षं पहिल्या पिंपात

फोटोखाली लिहिलंय 'माझी आजी', आणि फोटोतली बाई मी नाही. ती आहे आमची विहीण, कर्जतची. डोक्याला लोकरीची टोपी, हातात निमुळता ग्लास, मागे लाकडी पिंपांची रास, आणि तोंडावर असा तोरा की ती दारूची भट्टी हिच्या वडिलांनीच बांधली. खाली लोकांची रांग लागलीय, 'किती गोड आजी!' गोड? तिच्या शाळेत वर्गाबाहेर अंगठे धरून उभी राहिलेली पोरं आता बाप्ये झालेत. त्यांना विचारा किती गोड ते.

आता नमस्कार. मी स्नेहलची आजी, खालापूरची. ही लिहायची जागा स्नेहलची आहे, वरचा तो फोटोही तिनंच टाकलाय. तीच म्हणाली होती, "आजी, तू पण कुठं गेलीस की लिही गं इथं." मी कुठं जाणार? पण थंडीत गेले, खालापूर ते कर्जत ते कळंब, एक रात्र राहून परत. ज्यांना तसं फिरायचं असेल त्यांनी रस्ता, खाणं, सगळं यातून घ्यावं. बाकीचं भांडण घरचं आहे, तेही वाचलं तरी माझी हरकत नाही.

आधी माणसं सांगते. स्नेहल माझ्या लेकाची मुलगी. लेक आणि सून दोघं खोपोलीत कारखान्यात पाळीवर, म्हणून पोर वाढली माझ्या हाताखाली. बारावीनंतर कॉलेजला गाडी सोपी म्हणून कर्जतला गेली, सुनेच्या आईकडे, म्हणजे या विहीणबाईकडे. आता स्कॉटलंडात व्हिस्कीच्या एका भट्टीत नोकरीला आहे. आलेल्या लोकांना भट्टी फिरवून दाखवायची आणि घोट कसा घ्यायचा ते शिकवायचं, यासाठी तिकडे पगार देतात. नवराही तिकडेच असतो. गेल्या उन्हाळ्यात तिनं विहिणीला बोलावून घेतलं. विहीण मास्तरीण होती, पासपोर्ट तयार होता. माझ्याकडे रेशनकार्ड होतं.

मग दिवाळीला फोनवर म्हणाली, "येत्या उन्हाळ्यात एका आजीला बोलावणार आहे. जास्तीची खाट एकच आहे." कुठल्या आजीला, ते बोलली नाही. तेव्हापासून मी तो फोटो रोज उघडून बघत होते. तिच्या लहानपणी मी नुसती 'आजी' होते आणि ती 'कर्जतची आजी' होती. फोटोखाली 'कर्जतची' कुठं गेलं?

पौषात विहिणीचा फोन आला. "ताई, स्नेहलनं चार बाटल्या दिल्यात. एकाच भट्टीच्या, चार तऱ्हांच्या. दोघींनी बसून चव घ्या आणि मला सांगा, म्हणालीय. कळंबला मळ्यावर याल का? पोपटी लावू."

"उन्हाळ्यात आणल्या आनि आता आठवल्या?"

"वालाला शेंगा यायची वाट बघत होते."

मास्तरणीकडे उत्तर तयारच असतं.

खालापूरहून खोपोलीला शेअर रिक्षा मिळते, पुढे बसू नका, गुडघा जातो. खोपोलीहून कर्जतची गाडी. तिकीट चहापेक्षा स्वस्त, पण गाड्या थोड्या, एक चुकली की बाकावर बसून माशा मारा. डब्यात सकाळी मी, एक मासळीवाली आणि तिची पाटी, एवढंच होतं. मी मुद्दाम पळसदरीला उतरले. विहीण सगळ्यांना सांगत होती, तिकडे भट्टीच्या वर डोंगर आहे, डोंगरात तळं आहे, त्या पाण्यामुळे चव येते. आमच्याकडेही डोंगर आहे आणि पळसदरीला धरण आहे. जाऊन काठावर उभी राहिले. मुंबईची एक पोरगी नवऱ्याला सांगत होती, "असा फोटो काढ ना, जसं काही मला कळलंच नाही." तो बिचारा फोन धरून उभा. मी पाणी बघून घेतलं. बरं होतं. स्कॉटलंडाचं याहून जास्त ओलं नसणार.

तिथून रिक्षानं कर्जत. विहिणीनं जेवण चांगलं केलं होतं, ते खोटं कशाला बोलू. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. वाढायला मी उठले तर हात धरून बसवलं, स्वयंपाकघरात काही जाऊ दिलं नाही. "पाहुण्या तुम्ही." तेव्हा वाटलं मान देतेय.

बाटल्या घरात उघडायच्या नाहीत, विहीणबाईच्या मालकांचा तसा नियम होता. मालक जाऊन वर्षं झाली, नियम आहे. म्हणून मळा. कर्जतहून कळंबला नेरळवरून जावं लागतं. डाव्या हाताला माथेरानचा डोंगर चालत असतो बरोबर. नेरळच्या पुढे रस्ता बरा, मधे खड्डे. बाटल्यांची पिशवी माझ्या मांडीवर दिली होती.

रिक्षावाला म्हणाला, "आजी, रिसॉर्टला काय?"

"मळ्यावर रं."

"पिशवीत काय वाजतंय?"

"खोकल्याचं औषध," विहीण म्हणाली, बाराखडी शिकवताना असेल तशा तोंडानं.

"चार बाटल्या?"

"जुना खोकला आहे."

हसू आलं मला. पण तिच्यावर हसायचं नाही असं ठरवून निघाले होते, म्हणून बाहेर तोंड फिरवलं.

मळा राखायला हिरा आहे, कळंबचीच. तिनं पोपटी लावून ठेवली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, कोंबडी नाहीतर अंडी, वर पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी एक थेंब नाही. ही थंडीतच मिळते, बाकीच्या दिवसांत कुणी विकली तर घेऊ नका.

ऊन उतरायला लागलं तशी विहिणीनं ओट्यावर पंचा अंथरला, बाटल्या मांडल्या. तान्ह्या पोराच्या दुधाच्या असतात एवढ्याल्या. मग पदराखालून तो ग्लास काढला, फोटोतला. एकच. माझ्यापुढे स्टीलचं फुलपात्र ठेवलं.

"एकच आणला हो ताई, बॅगेत फुटतात."

मी ग्लास उचलून माझ्यापुढे घेतला आणि फुलपात्र तिच्यापुढे सरकवलं.

पहिली बाटली बारा वर्षांची. "आधी वास घ्यायचा, तोंड किंचित उघडं ठेवून," विहीण सांगायला लागली. "मग थेंबभर पाणी, वास मोकळा होतो." पाण्यासाठी औषधाचा ड्रॉपर आणला होता. मी आधी बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर सोडले, वाडवडलांचे. आमच्यात त्याशिवाय तोंडाला लावत नाहीत.

तर विहीण म्हणते, "तिकडेही असंच आहे! पिंपातून दरसाल थोडी उडून जाते, ती देवदूतांचा वाटा म्हणतात."

"न विचारता घेतात?"

"हो."

"मंग ते निराळं. आमचे आमी दिल्यावर घेतात."

चव सांगते. पहिलीला काकवीचा वास, मग ओलं लाकूड. जिभेवर हलकी, घशात शहाण्यासारखी जाते. तिसरी धुरातली, तिकडे जमिनीतून काळी माती खणून तिच्या धुरावर धान्य वाळवतात म्हणे. ती नाकाशी नेली आणि पोपटीचं मडकंच जणू फुटलं समोर, मागून दवाखान्यातल्या टिंचरसारखं काहीतरी. विहिणीनं नाक मुरडलं, मला तीच आवडली. शेंग सोलून खा आणि वर ती घ्या. चौथी अठरा वर्षांची, सगळ्यांत महाग. सुपारीसारखी तोंडात रेंगाळली, चांगली होती, पण एवढी गप्प दारू मला पटत नाही. हिरानं तिच्यातलाच थेंब चाखला आणि म्हणाली, "ही काय गं, बसल्यावर मागून बोलती."

दुसरी मुद्दाम मागे ठेवली होती. ती विहिणीची लाडकी. लालसर, खजूर-मनुकांचा वास, लग्नघरातल्या शिऱ्यासारखी गोड. विहीण डोळे मिटून म्हणाली, "हिचं कसं असतं ताई, बारा वर्षं साध्या पिंपात ठेवतात. मग शेवटची तीन वर्षं दुसऱ्या पिंपात हलवतात, ज्यात आधी गोड वाइन होती. म्हणून हा रंग."

"आनि बाटलीवर काय लिवलंय?"

तिनं बाटली फिरवून वाचलं. दुसऱ्या पिंपाचं नाव होतं, मोठ्या सोनेरी अक्षरांत.

"पयल्याचं?"

"पहिल्याचं... नाही दिसत."

"बारा वर्सं त्यात होती नं?"

"हो, पण रंग—"

"रंग! दारू कुनी केली? बारा वर्सं अंगावर कुनी वागवली? तुमच्या पिंपात आली तवा ती दारू झालेली होती, बाई. तुमी रंग दिला. तीन वर्सं कॉलेजाची, आनि फोटो तुमचा!"

विहिणीनं बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही व्हिस्कीबद्दल बोलत नाही आहात."

"मंग काय वालाबद्दल बोलतीय?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. स्नेहल, चेहरा दाखवून. तिकडे दुपार व्हायची होती. "कुठली आवडली गं?" तिनं विचारलं, आणि दोघी एकदम बोललो. मी धुराची, विहीण लाल. पोर हसली. मी म्हटलं, "एक घोट तू पन घे आमच्यासंगं, तुझीच भट्टी."

"मी सध्या नाही घेत, आजी."

"का गं?" मी विचारलं, तर विहिणीनं फोन स्वतःकडे वळवला आणि मळ्यातले टोमॅटो दाखवायला लागली. टोमॅटो! मी मनात म्हटलं, माझ्याशी दोन शब्द पण बोलू देत नाही ही बाई.

रात्री शेजारी शेजारी झोपलो, पाठी फिरवून.

सकाळी कर्जतला परत. कळंबहून एसटी आहे, आम्हाला भाजीचा टेंपो मिळाला. विहीण आंघोळीला गेली तशी मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. पाहुणी असले म्हणून काय, चहा तरी करावा. साखर शोधायला फळीवरचा डबा उघडला, त्यात आळीव. दुसऱ्यात डिंक. तिसऱ्यात खारीक, कुटून ठेवलेली. खुंटीवर जुन्या मऊ लुगड्याची दुपटी, चारी बाजूंनी शिवलेली. आळीव आणि डिंक एका घरात एकदम कशाला आणतात हे मला कुणी शिकवायला नको. त्या घरात बाळंतीण व्हायच्या वयाची कुणी नव्हती. विहीण बाहेर आली तेव्हा मी दुपटं हातात घेऊन उभी होते.

"कितवा?"

ती खुर्चीवर बसली. "चौथा लागलाय. दिवाळीत फोनवर तिला उलटी झाली, मी ओळखलं. तिनं शपथ घातली ताई."

"मला का नाय सांगितलं तिनं?"

"म्हणाली, आजीला सांगितलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या खालापूरला कळतं."

तिसरा व्हायच्या आत सांगू नये हे मलाही कळतं. पण जास्तीची खाट कशासाठी होती ते आता कळलं. फिरायला नाही, बाळंतपणाला आजी पाहिजे होती. आणि आळीव आणून ठेवलेत म्हणजे विहीण धरून चालली की तीच जाणार.

"तिनं तुमाला ये म्हटलंय?"

"अजून कुणालाच नाही. मी आपली तयारी ठेवली."

"पयलं बाळंतपन म्हायेरचं असतं बाई. तिचं म्हायेर माझं घर हाय. तुमचं ते आजोळ."

"माहेर म्हणजे आई. तिच्या आईची आई मी," विहीण म्हणाली. आवाज चढवला नाही, फळ्यावर लिहिल्यासारखं बोलली. "आणि मला तिकडची थंडी, दुकानं, दवाखाना, सगळं माहीत आहे."

"दुकानं माहीत हायत. रातभर रडनाऱ्या पोराला घेऊन बसलाय कधी? तुमच्या पोरींना तर बाईच ठेवली व्हती."

ते लागलं तिला. चहा उतू गेला, दोघींनी एकदम फडकं उचललं.

निघताना तिनं माझ्या पिशवीत काहीतरी कोंबलं. रस्त्यात बघितलं तर धुराची उरलेली बाटली आणि निम्मे आळीव. ग्लास नाही. ग्लास तिनं ठेवला.

परत मी चौक गावावरून आले. कर्जत-चौक रस्ता मोकळा आहे, चौकला वडापाव गरम मिळतो, तिथून खालापूरला रिक्षा कितीही. घरी आल्यावर सून म्हणाली, "कशी झाली सहल?" तिलाही ठाऊक होतं सगळं. मी तिच्याशी त्या दिवशी बोलले नाही, दुसऱ्या दिवशी बोलले, कारण पासपोर्टसाठी तिला घेऊन जायचं होतं.

आता सहावा लागलाय आणि पोरीनं स्वतःच पोटाचा फोटो इथं टाकलाय, म्हणून मी लिहिते. खालापूरला माझ्याकडून कळलेलं नाही, तेवढं नोंदवून ठेवा. बाटली अजून आहे, सर्दीला चमचाभर घेते. चारांत चांगली कुठली असं कुणी विचारलं तर धुराची. तिच्यावर एकाच पिंपाचं नाव आहे. लाल पण वाईट नव्हती. एवढंच म्हणीन, आणि तेही विहीण हे वाचणार म्हणून.

लाडू वळून बघितले, गूळ आपला, आळीव तिचे. पासपोर्ट आला. फोटोत मी रागावलेली दिसते, तिकडे चालतं म्हणे.

स्नेहल, आधी त्या फोटोखाली 'कर्जतची' घाल. मग कोण येणार ते लिही. इथं, सगळ्यांसमोर, माझ्या या लिखाणाच्या खाली. फोनवर नको, फोन ती वळवते. तुझ्या बापानं मधे पडायचं नाही, आईनं तिच्या आईची बाजू घ्यायची नाही. 'किती गोड आजी' वाल्यांनी गप्प बसायचं. आणि विहीणबाई, तुम्ही पोरीला विचारून तिच्या नावानं उत्तर लिहून द्याल, मला माहीत आहे. तुम्ही हात लावायचा नाही. उत्तर पोरीनंच द्यायचं.